बजीच्या पिल्लांचा रंग आधी सांगता येतो का? ठाणे–नवी मुंबईतल्या पक्षीपालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकानातून ‘लव्ह बर्ड्स’ म्हणून घरी आलेली हिरवी-निळी जोडी बहुतेक वेळा बजींची, म्हणजे बजरीगर या छोट्या पोपटांची असते. मडकं टांगलं, अंडी दिसली, की कळव्यापासून नेरुळपर्यंत सगळे एकच विचारतात: पिल्लं कोणत्या रंगाची होणार? याचं उत्तर देता येतं, पुष्कळदा अगदी नेमकं देता येतं. मात्र त्यासाठी समोरचे दोन पक्षी पाहून भागत नाही, त्यांचे आईबाप आणि आधीची पिल्लं माहीत असावी लागतात. रंग ठरवून जोड्या लावणाऱ्यांकडून आणि नुसत्या हौसेने पाळणाऱ्यांकडूनही जे पुन्हा पुन्हा विचारलं जातं, ते इथे एकत्र केलं आहे.

मेंडेलने प्रयोग वाटाण्यावर केले. ते पक्ष्यांना कसे लागू पडतात?

आनुवंशिकतेचे नियम शोधणारे ग्रेगॉर मेंडेल ब्रनोच्या मठातले. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे. १८५६ ते १८६३ या काळात त्यांनी वाटाण्याच्या रोपांचे संकर केले, १८६५ मध्ये निष्कर्ष वाचून दाखवले आणि १८६६ मध्ये ते छापून आले. गोल बी आणि सुरकुतलेली बी यांच्या संकराच्या दुसऱ्या पिढीत त्यांनी ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेल्या बिया मोजल्या. हे प्रमाण जवळजवळ ३:१ आहे. पुढे पस्तीस वर्षं या कामाकडे कोणी फारसं पाहिलं नाही. १९०० मध्ये ते पुन्हा उजेडात आलं, आणि दोनच वर्षांत विल्यम बेटसन यांनी कोंबड्यांच्या तुऱ्यावरून दाखवून दिलं की प्राण्यांतही हेच नियम चालतात. आपण चौकटी आखून जे गणित करतो, ती चौकट त्यांचे सहकारी रेजिनाल्ड पनेट यांच्या नावाने ओळखली जाते.

नियम थोडक्यात असा: बहुतेक जनुकांच्या प्रत्येक पक्ष्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. पिल्लाला देताना त्यातली एकच दिली जाते, आणि कोणती जाईल हे प्रत्येक अंड्यागणिक नव्याने, योगायोगाने ठरतं.

आमच्या दोन्ही बजी हिरव्यागार आहेत. एक पिल्लू निळं निघालं. कसं काय?

दोघेही निळ्या रंगाला ‘स्प्लिट’ आहेत. दिसायला हिरवे, पण दोन प्रतींपैकी एक निळ्याची.

ऑस्ट्रेलियातल्या रानटी बजीचा मूळ रंग हिरवा. ही हिरवाई दोन गोष्टींतून येते: पिसाच्या सूक्ष्म रचनेमुळे दिसणारा निळा रंग आणि त्यावर चढलेलं पिवळं रंगद्रव्य. हे पिवळं द्रव्य पक्षी स्वतःच्या पिसात तयार करतो. त्यासाठी लागणाऱ्या जनुकात एक बदल झाला की ते बनत नाही आणि मागचा निळा उघडा पडतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हा बदल नेमका सापडला: संबंधित प्रथिनातलं एकच अमिनो आम्ल बदललेलं होतं. जनुकाची एक प्रत जरी चांगली असली तरी पिवळं पुरेसं बनतं, म्हणून निळा ‘अप्रभावी’. पिल्लाला दोन्हीकडून निळ्याची प्रत मिळाली तरच ते निळं दिसतं.

स्प्लिट गुणिले स्प्लिट या जोडीत प्रत्येक अंड्यामागे शक्यता अशी: चारात एक शुद्ध हिरवं, चारात दोन हिरवी पण स्प्लिट, चारात एक निळं.

इथे एक गोष्ट बरेच जण चुकीची मोजतात. अशा जोडीचं हिरवं पिल्लू हातात घेतलं, तर ते स्प्लिट असण्याची शक्यता निम्मी नाही, दोन तृतीयांश आहे. ते निळं नाही हे तर डोळ्यांनी दिसतंच. मग उरलेल्या तीन शक्यतांपैकी दोन स्प्लिटच्या आहेत. विकत घेताना किंवा देताना हा हिशेब लक्षात ठेवा.

चारांत एक, म्हणजे चार अंड्यांत एक निळं नक्की ना?

नाही. चार पिल्लांत एकही निळं न येण्याची शक्यता ८१/२५६, म्हणजे सुमारे ३२ टक्के. सहा पिल्लं झाली तरी जवळपास १८ टक्के वेळा एकही निळं येणार नाही. पहिल्या खेपेला सगळी हिरवी आली म्हणून दुसऱ्या खेपेला निळ्याची पाळी येत नाही, कारण पाचव्या अंड्याला आधीच्या चारांची खबर नसते. मेंडेलना ३:१ दिसलं ते हजारो बिया मोजल्यावर. आपल्या मडक्यात चार ते सहा अंडी असतात. एवढ्या थोड्या संख्येत प्रमाण वेडंवाकडं दिसणारच, त्यामुळे एका खेपेवरून जोडीला ‘खोटी’ ठरवू नका.

एखादा हिरवा पक्षी स्प्लिट आहे की नाही, हे दिसण्यावरून कळतं का?

खात्रीने कळत नाही. अमुक पक्ष्याच्या पिसांवर निळसर झाक आहे, म्हणून तो स्प्लिट, असं सांगणारे भेटतात. त्यावर पैसे मोजू नका.

खात्रीचे मार्ग दोनच. पहिला म्हणजे आईबाप: दोघांपैकी एक जरी निळा असेल, तर हिरवं पिल्लू शंभर टक्के स्प्लिट. दुसरा म्हणजे परीक्षा-संकर. शंका असलेल्या हिरव्या नराला निळी मादी द्या. नर स्प्लिट असेल तर प्रत्येक पिल्लू निळं होण्याची शक्यता निम्मी. एक निळं पिल्लू आलं की प्रश्न तिथेच मिटला. उलट बाजूने मात्र फक्त विश्वास वाढत जातो: नर स्प्लिट असूनही सलग पाच पिल्लं हिरवी निघण्याची शक्यता ३२ मध्ये १, सलग सातांची १२८ मध्ये १.

ही परीक्षा एकेका जोडीला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवूनच करायची. एका मोठ्या पिंजऱ्यात चार नर आणि चार माद्या असतील, तर मडक्यातल्या पिल्लांचा बाप कोण हे ठामपणे सांगता येत नाही, मग पुढचं सगळं गणित कोसळतं. जोडी बदलतानाही मादीला निदान तीन आठवडे एकटी ठेवा, कारण आधीच्या नराचं वीर्य तिच्या शरीरात काही दिवस टिकतं.

ल्युटिनो नर आणि हिरवी मादी: काय होईल? आणि उलट जोडी लावली तर?

सगळ्यात जास्त गोंधळ या प्रश्नावर होतो, म्हणून सावकाश पाहू.

पिवळा, लाल डोळ्यांचा ल्युटिनो आणि पांढरा, लाल डोळ्यांचा अल्बिनो हे दोन्ही ‘आयनो’ या एकाच जनुकामुळे होतात. हिरव्या पक्ष्यावर आयनो आला की ल्युटिनो, निळ्यावर आला की अल्बिनो. हे जनुक लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर बसलेलं आहे. माणसात पुरुषाकडे एक्स आणि वाय अशी वेगळी जोडी असते. पक्ष्यांत उलटं असतं: नराकडे दोन झेड, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. म्हणजे पिल्लू नर की मादी हे पक्ष्यांत आईच्या बाजूने ठरतं.

याचा परिणाम असा की मादीकडे आयनोची एकच प्रत असू शकते. ती असेल तर मादी ल्युटिनो दिसतेच. नसेल तर नाहीच. मादी आयनोला स्प्लिट असू शकत नाही. कोणी ‘ल्युटिनो स्प्लिट मादी’ म्हणून विकत असेल तर नम्रपणे नाही म्हणा. स्प्लिट फक्त नर असतो.

आता जोड्या पाहू. ल्युटिनो नर आणि हिरवी मादी: सगळ्या मुली ल्युटिनो, सगळे मुलगे हिरवे पण आयनोला स्प्लिट. डोळे उघडण्याआधीच पिल्लाचं लिंग कळण्याची ही सोय आहे, कारण आयनो पिल्लाचा डोळा पापणीच्या पातळ कातडीतून लालसर दिसतो, इतरांचा काळा. हिरवा नर आणि ल्युटिनो मादी: एकही ल्युटिनो पिल्लू नाही, मुलगे सगळे स्प्लिट, मुली साध्या. स्प्लिट नर आणि साधी मादी: मुलींपैकी निम्म्या ल्युटिनो, मुलग्यांपैकी निम्मे स्प्लिट, पण कोणते ते पाहून सांगता येत नाही. ल्युटिनो नर हवा असेल तर बाप स्प्लिट किंवा ल्युटिनो आणि आई ल्युटिनो, दोन्ही हवेत.

ओपलाइन (पाठीवरची नक्षी बदललेला) आणि सिनॅमन (काळ्या खुणा तपकिरी झालेला) हे रंगप्रकारही असेच लिंगाशी जोडलेले. सिनॅमन पिल्लाचे डोळे जन्मतः जांभळट असतात आणि काही दिवसांत गडद होतात, म्हणून पहिल्याच दिवसांत बघून ठेवावं लागतं.

हिरव्या जोडीतून अल्बिनो येऊ शकतो का?

येऊ शकतो, आणि आला तर ती मादीच असेल. समजा नर निळ्यालाही स्प्लिट आहे आणि आयनोलाही, मादी फक्त निळ्याला स्प्लिट आहे. निळं होण्याची शक्यता १/४. आयनो होण्याची शक्यता एकूण पिल्लांत १/४, कारण आयनो फक्त मुलींत आणि त्यातही निम्म्या मुलींतच येणार, आणि पिल्लांत मुली निम्म्या. ही दोन जनुकं वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत, म्हणून शक्यतांचा गुणाकार करायचा: १/१६. वेगवेगळी जनुकं अशी स्वतंत्रपणे वाटली जातात, हाच मेंडेलचा दुसरा नियम.

गडद हिरवा, ऑलिव्ह, कोबाल्ट, मॉव्ह: हे सगळे वेगळे रंग आहेत का?

नाही, एकाच ‘डार्क फॅक्टर’च्या मात्रा आहेत. एकही प्रत नाही तर फिकट हिरवा, एक प्रत तर गडद हिरवा, दोन प्रती तर ऑलिव्ह. निळ्यात याच क्रमाने आकाशी, कोबाल्ट (गडद निळा), मॉव्ह (राखाडी-जांभळट). इथे कोणी कोणाला पूर्ण झाकत नाही, म्हणून डार्क फॅक्टरचा स्प्लिट नसतो. जे आहे ते दिसतं. कोबाल्ट गुणिले कोबाल्ट केलं तर चारात एक आकाशी, दोन कोबाल्ट, एक मॉव्ह. सगळीच पिल्लं कोबाल्ट हवी असतील तर आकाशी आणि मॉव्ह अशी जोडी लावा.

गणित बरोबर केलं तरी गडद हिरव्याच्या जोडीत प्रमाण जुळतच नाही. कुठे चुकतंय?

हा प्रश्न विचारणारा माणूस नोंदी ठेवतो, हे लगेच कळतं. आणि चूक त्याची नाहीच.

डार्क फॅक्टर आणि निळा ही दोन जनुकं एकाच गुणसूत्रावर, एकमेकांजवळ आहेत. त्यामुळे ती स्वतंत्रपणे वाटली जात नाहीत, बहुतेक वेळा एकत्र प्रवास करतात. सुमारे १४ टक्के वेळा गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन त्यांची ताटातूट होते.

गडद हिरवा, निळ्याला स्प्लिट असा नर घ्या आणि त्याला आकाशी मादी द्या. साध्या गणिताने चार रंग पंचवीस-पंचवीस टक्के यायला हवेत. प्रत्यक्षात काय येईल हे त्या नराच्या आईबापांवर ठरतं. तो ऑलिव्ह आणि आकाशी यांचा मुलगा असेल, तर डार्क फॅक्टर हिरव्याच्या सोबत बसलेला आहे: मग सुमारे ४३ टक्के गडद हिरवी, ४३ टक्के आकाशी, आणि फक्त ७-७ टक्के फिकट हिरवी व कोबाल्ट. तोच नर फिकट हिरवा आणि मॉव्ह यांचा मुलगा असेल, तर डार्क फॅक्टर निळ्यासोबत बसलेला आहे: मग ४३ टक्के फिकट हिरवी, ४३ टक्के कोबाल्ट, आणि गडद हिरवी व आकाशी ७-७ टक्के.

दोन्ही नर शेजारी ठेवले तर पिसापिसात फरक दिसणार नाही. जनुकंही तीच, मात्राही तीच. फरक फक्त ती कोणाकडून आली याचा. कोबाल्ट पिल्लांसाठी पक्षी घ्यायला वाशीपासून ठाण्यापर्यंत फिरणाऱ्याने म्हणूनच पक्ष्याआधी त्याच्या आईबापांबद्दल विचारावं.

आमचे नर-मादी दोघेही पिवळे. पिल्लं मात्र सगळी हिरवी. दुसऱ्या नराची असतील का?

तसं समजण्याआधी दोघांचे डोळे बघा. एकाचे लाल आणि दुसऱ्याचे काळे असतील, तर ते दोन वेगळ्या कारणांनी पिवळे आहेत. लाल डोळ्यांची मादी ल्युटिनो. काळ्या डोळ्यांचा, पंखांवर पुसट खुणा असलेला पिवळा नर हा ‘डायल्यूट’, आणि डायल्यूट हे वेगळ्या गुणसूत्रावरचं अप्रभावी जनुक. नराकडून आयनोची चांगली प्रत येते, मादीकडून डायल्यूटची चांगली प्रत येते, आणि पिल्लं एकजात हिरवी होतात. बेटसन आणि पनेट यांना गोड वाटाण्याच्या दोन पांढऱ्या फुलांच्या वाणांतून जांभळी फुलं मिळाली, त्यामागेही हेच कारण होतं.

प्रभावी रंग म्हणजे जास्त ताकदवान किंवा जास्त आढळणारा का?

दोन्ही नाही. प्रभावी म्हणजे एका प्रतीवर दिसणारा, एवढंच. ग्रे (राखाडी) प्रभावी आहे, तरी कित्येक पिंजऱ्यांत एकही ग्रे नसतो. प्रभावी रंग लपून बसत नाही, म्हणून ‘ग्रेला स्प्लिट’ ही गोष्ट अस्तित्वातच नाही. स्पँगल या रंगप्रकारात एका प्रतीचा पक्षी नक्षीदार आणि दोन प्रतींचा जवळजवळ पूर्ण पांढरा किंवा पिवळा दिसतो. तो पक्षी अल्बिनो समजून घेणारे बरेच आहेत. पुन्हा तेच, डोळे बघा.

हळद, बीट, गाजर खाऊ घातल्याने रंग गडद होतो का?

बजीत नाही. त्याचं पिवळं द्रव्य तो स्वतः बनवतो, अन्नातून घेत नाही. कॅनरीत मात्र अन्नाचा वाटा खरोखर आहे, आणि त्यामागे एक मोठी हकिगत आहे. १९२० च्या दशकात जर्मनीत हान्स डुंकर यांनी लाल सिस्किन या दक्षिण अमेरिकेतल्या पक्ष्याशी कॅनरीचा संकर करून लाल कॅनरी घडवायचं ठरवलं. जनुकं आली की रंग येणारच, असा त्यांचा हिशेब होता. पक्षी नारिंगीपर्यंत आले आणि थांबले. लाल व्हायला जनुकांसोबत अन्नात कॅरोटिनॉइडही पुरेसं लागतं, हे पुढे कळलं. बजीवर हा धडा उलटा लावू नका. गाजर आणि बीट जरूर द्या, पौष्टिक म्हणून. कोणाचा बजी बाजारात गुलाबी किंवा भडक नारिंगी दिसला, तर तो रंगवलेला आहे, घेऊ नका.

मोबाइलवरचं जनुकांचं कॅल्क्युलेटर वापरावं का?

वापरा, वेळ वाचतो. ते चौकटी बिनचूक भरतं. मात्र त्यात तुम्ही ‘हिरवा’ लिहिलंत आणि पक्षी निळ्याला स्प्लिट निघाला, तर आलेलं उत्तर दुसऱ्याच पक्ष्याचं असतं. डार्क फॅक्टर आणि निळ्याची सांगड ते लक्षात घेतं का, हेही आधी तपासा. एकदा दोन-तीन जोड्यांचं गणित वहीत हाताने करून बघा. मग कॅल्क्युलेटर कुठे फसतंय ते तुम्हाला आपोआप दिसेल.

एकाच मडक्यातली भावंडं एकमेकांना लावली तर रंग पक्का होतो म्हणतात. लावावी का?

नका लावू. रंग पक्का होतो हे खरं, पण रंगासोबत इतर सगळंच पक्कं होत जातं, आणि त्यातलं बरंच काही दिसत नाही.

प्रत्येक पक्ष्याकडे काही दोषी अप्रभावी जनुकं लपलेली असतात. परक्या जोडीदाराकडे तीच नेमकी असण्याची शक्यता कमी, म्हणून ती झाकलेली राहतात. सख्ख्या भावंडांच्या पिल्लात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीवरून आलेल्या असण्याची शक्यता २५ टक्के. बाप-मुलगी किंवा आई-मुलगा या जोडीतही तेवढीच. सावत्र भावंडांत १२.५, चुलत-मावस भावंडांत ६.२५. पिढ्यानपिढ्या हे चालू राहिलं की आधी अंडी भरत नाहीत, मग पिल्लं कवचातच मरतात, मग जगलेली पिल्लं लहानखुरी आणि दुबळी निघतात. तोवर रंग सुंदर दिसत असतो, म्हणून माणसाच्या लक्षात येत नाही.

आपल्याकडे याला आणखी एक बाजू आहे. ठाण्यापासून बेलापूरपर्यंतचे हौशी पाळणारे एकमेकांकडूनच पक्षी घेतात, बदलतात, भेट देतात. ऐरोलीचा नर आणि घोडबंदर रोडची मादी लावली, म्हणजे नवं रक्त आलं असं वाटतं. दोघेही कोपरीच्या एकाच जोडीची नातवंडं असू शकतात. पिन कोड वेगळा असणं म्हणजे घराणं वेगळं असणं नव्हे. पक्षी घेताना ‘याचे आईबाप कुठून आणले होते?’ हे विचारायला संकोच करू नका, आणि तुम्हाला कोणी विचारलं तर वहीच उघडून दाखवा. सगळ्या परिसराच्या पक्ष्यांची तब्येत या एका सवयीवर उभी आहे, असं मी मनापासून मानतो.

पिल्लाचे पाय फाकले आहेत. आनुवंशिक असेल का?

बहुतेक वेळा नाही. गुळगुळीत मडक्यात तळाला काही नसेल तर पिल्लाच्या पायांना पकड मिळत नाही. मडक्यात लाकडाचा जाडसर, कोरडा भुसा घाला आणि मादीला कॅल्शियमसाठी समुद्रफेस कायम ठेवा. तसंच, पंखांची आणि शेपटीची मोठी पिसं गळून पडणं हे ‘फ्रेंच मोल्ट’ म्हणून ओळखलं जातं, आणि त्यामागे विषाणू असतात. एका मडक्यातली सगळी पिल्लं आजारी पडली की घराण्याचा दोष वाटतो, पण संसर्गही एकाच मडक्यात असाच पसरतो. पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर त्या पिंजऱ्यातली भांडी दुसरीकडे वापरू नका.

मोठं डोकं, भरदार शरीर, बोलण्याची हौस हेही गणितात बसतं का?

मेंडेलच्या चौकटीत नाही. आकारामागे अनेक जनुकं असतात, प्रत्येकाचा वाटा थोडा, शिवाय खाणंपिणं. तिथे पिढ्यानपिढ्या निवड करत जावं लागतं आणि सरासरी हळूहळू सरकते. बोलणं तर बऱ्याच अंशी तुम्ही पक्ष्यासोबत किती वेळ घालवता यावर आहे.

अर्धा हिरवा, अर्धा निळा पक्षी मिळाला आहे. त्याची पिल्लं तशीच होतील?

होणार नाहीत. शरीराच्या दोन बाजूंच्या पेशींत वेगवेगळी जनुकं असल्याने तो तसा दिसतो. हा अंड्यातल्या वाढीचा अपघात आहे, वारशाने जात नाही. त्याची जास्त किंमत मागितली तर ती त्या एका पक्ष्याच्या रूपाची समजा.

कॉकटेल (कॉकाटील पोपट), गप्पी, लॅब्रॅडोर यांनाही हेच नियम का?

नियम तेच, जनुकं वेगळी. कॉकटेलमध्ये ल्युटिनो आणि पर्ल लिंगाशी जोडलेले, व्हाइटफेस साधा अप्रभावी. पर्ल नराची नक्षी मोठेपणी पिसं बदलताना जाते, जनुक मात्र जात नाही. गप्पी माशांत रंगाची काही जनुकं वाय गुणसूत्रावर असल्याने ती थेट बापाकडून मुलाला मिळतात. १९२० मध्ये योहानेस श्मिट यांनी अशा एका ठिपक्याचं वर्णन केलं होतं.

लॅब्रॅडोरमध्ये दोन जनुकं मिळून रंग ठरवतात. एक काळा की चॉकलेटी हे ठरवतं. दुसरं तो रंग केसात उतरू द्यायचा की नाही हे ठरवतं, आणि न उतरल्यास कुत्रा पिवळा. दोन्ही जनुकांना स्प्लिट असलेल्या दोन काळ्या कुत्र्यांना ९ काळी, ३ चॉकलेटी, ४ पिवळी या प्रमाणात पिल्लं होऊ शकतात. कुत्र्यांत रंगापेक्षा रोगाचं गणित महत्त्वाचं आहे. लॅब्रॅडोरमध्ये हळूहळू आंधळेपण आणणारा डोळ्याच्या पडद्याचा एक अप्रभावी आजार आहे. दोन वाहक एकत्र आले तर प्रत्येक पिल्लाला धोका चारात एक. वाहक ओळखण्याची डीएनए चाचणी आहे. ती न करता जोडी लावणं मला पटत नाही. तसंच दोन मर्ल (फिकट रंगावर गडद डाग असलेल्या) रंगाचे कुत्रे कधीच एकत्र आणू नका: चारात एक पिल्लू दोन प्रतींचं निघतं आणि त्याला बहिरेपण, आंधळेपण येण्याचा मोठा धोका असतो.

कायद्याने हे सगळं चालतं का?

बजी, कॉकटेल आणि पीचफेस लव्हबर्ड हे परदेशी पक्षी साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, यादीत येत नाहीत. फिशर लव्हबर्ड आणि मोठे परदेशी पोपट येतात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनंतर यादीतल्या प्राण्यांची ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पिल्लं झाली तर तीही कळवावी लागतात. आपले देशी पोपट आणि मुनिया पाळणं, विकणं, त्यांची पैदास करणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. कुत्र्यांच्या पैदाशीला २०१७ चे आणि दुकानांना २०१८ चे नियम लागू आहेत.

नोंदवहीत नेमकं काय लिहायचं?

प्रत्येक पक्ष्याचा रिंग नंबर (पायातल्या कड्यावरचा), आईचा आणि बापाचा रिंग नंबर, अंड्यातून बाहेर आल्याची तारीख, पहिल्या दिवसांतला डोळ्यांचा रंग, आणि पिसं आल्यावरचा पूर्ण रंग. बंद रिंग साधारण पाचव्या ते आठव्या दिवसादरम्यान घालावी लागते, नंतर पाय मोठा होतो. न फळलेली अंडी, कवचात मेलेली पिल्लं आणि वाढताना गेलेली पिल्लंही लिहा. रंगाची नोंद सगळे ठेवतात, गेलेल्या पिल्लांची फार थोडे ठेवतात, आणि जोडी निरोगी आहे की नाही हे त्यातूनच कळतं. स्प्लिट आहे हे नक्की असेल तर ‘स्प्लिट’ लिहा. शक्यता असेल तर आकडा लिहा, जसं ‘निळ्याला स्प्लिट, ६७ टक्के’. पक्षी कोणाला दिलात तर त्या पानाचा फोटो सोबत पाठवा.

हव्या त्या रंगासाठी जोडी लावली आणि नको त्या रंगाची पिल्लं जमा झाली. त्यांचं काय?

हा विचार मडकं टांगण्याआधी करायचा. अल्बिनोसाठी १/१६ ची जोडी लावणाऱ्याने हिशेब करावा की एका अल्बिनोमागे सरासरी पंधरा इतर पिल्लं जन्माला येणार, आणि प्रत्येकाला पिंजरा, दाणे आणि लक्ष लागणार. त्यापेक्षा अल्बिनो नराला आकाशी मादी द्या: सगळी पिल्लं निळ्या मालिकेतली, आणि मुली सगळ्या अल्बिनो. गणिताचा खरा उपयोग इथे आहे, कमी पिल्लांत हवं ते मिळवणं.

जास्त झालेले पक्षी येऊरच्या जंगलात किंवा पारसिकच्या डोंगरावर सोडणं ही दया नाही. पिंजऱ्यात वाढलेल्या बजीला तिथे अन्न शोधता येत नाही, कावळे आणि शिकरे त्याला लगेच टिपतात. ओळखीतल्या घरांत द्या, सोबत मोठा पिंजरा आहे ना ते बघा, आणि एकटा पक्षी देऊ नका. वर्षात दोन खेपा झाल्या की मडकं उतरवा. मडकं दिसत राहिलं तर मादी पुन्हा अंड्यावर बसते, म्हणून ते धुऊन, उन्हात वाळवून कपाटात ठेवा, आणि उन्हाळा असेल तर पावसाळा संपेपर्यंत पुन्हा टांगू नका.